पहिल्या वर्षातले खेळ: बाळाशी काय खेळावं, कसं खेळावं आणि कधी थांबावं

दोन महिन्यांच्या बाळासमोर खुळखुळा वाजवला की ते टक लावून बघतं आणि थोड्या वेळाने मान दुसरीकडे वळवतं. मग आपण काय करतो? खुळखुळा त्या बाजूला नेतो आणि आणखी जोरात वाजवतो. बाळ पुन्हा मान वळवतं, आपण पुन्हा तिकडे. शेवटी ते रडायला लागतं आणि भूक, झोप, पोटदुखी अशी सगळी कारणं निघतात. बाळाने मात्र ‘आता पुरे’ हे मघाशीच सांगितलेलं असतं.

या वयातल्या खेळांबद्दल मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. खेळ कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा हे बाळाला ठरवू द्यावं, आपण मधली साथ द्यावी. खेळणी आणि ‘बुद्धी वाढवणाऱ्या’ वस्तूंची खोकी यांचा नंबर फार नंतर लागतो.

खाली वयाप्रमाणे खेळ दिले आहेत, पण वय ढोबळच समजा. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर त्याचं वय डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजा. आठ आठवडे आधी जन्मलेलं चार महिन्यांचं बाळ खेळाच्या हिशेबाने दोन महिन्यांचं असतं. हे लक्षात न घेतल्यामुळे शेजारच्या बाळाशी तुलना करून उगाच जीव टांगणीला लागलेले आईबाप पुष्कळ दिसतात.

## आधी बाळाची वेळ ओळखा

पहिले तीन महिने बाळ दिवसाचे 14 ते 17 तास झोपेत घालवतं. उरलेल्या वेळात दूध, लंगोट, आंघोळ आणि रडणं. खेळायला मिळतात ती मधली काही मिनिटं, जेव्हा बाळ टक्क जागं असतं, पण हातपाय झाडत नसतं. पहिल्या महिन्यात हा अवधी कधी कधी पाच मिनिटांतच संपतो. तेवढा पुरे. लंगोट बदलताना, आंघोळीनंतर कपडे घालताना ही मिनिटं आपोआप मिळतात, खेळाचं वेगळं वेळापत्रक आखायची गरज नाही.

खेळायला तयार असलेलं बाळ तुमच्याकडे बघतं, त्याचा श्वास संथ असतो, बोटं सैल असतात. थकलेलं बाळ नजर चुकवतं, जांभई देतं, बोटं ताठ फाकवतं किंवा मुठी आवळतं, पाठीची कमान करतं. काहींना उचकी लागते. यातलं काही दिसलं की बोलणं थांबवा आणि शांत बसून राहा. पुष्कळदा बाळ अर्ध्या मिनिटाने स्वतःहून परत बघतं, त्याला फक्त दम खायचा असतो. त्याने पुन्हा तोंड फिरवलं तर मात्र खेळ संपला असं समजा.

## पहिला खेळ: टोलवाटोलवी

जन्मल्यावर बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं, त्यापलीकडचं सगळं धूसर. दूध पिताना बाळाचे डोळे आणि पाजणाऱ्याचा चेहरा यांत जवळपास एवढंच अंतर असतं. काळ्या-पांढऱ्या ठळक रेघांची चित्रं बाळं बघतात हे खरं, पण हलणारा, बोलणारा माणसाचा चेहरा त्याहून कितीतरी रंजक. तेव्हा पहिले तीन महिने मुख्य खेळणं तुमचा चेहरा. आईचाच हवा असं नाही, बाबा, आजी, आजोबा कुणाचाही चालतो.

1. पाठ टेकून बसा, गुडघे वर घ्या आणि बाळाला मांड्यांच्या उतारावर उताणं ठेवा. डोकं तुमच्या गुडघ्यांकडे, पाय पोटाकडे. चेहरे समोरासमोर येतील. खिडकी तुमच्या पाठीमागे नको, नाहीतर बाळाला तुमचा चेहरा काळा दिसतो.
2. लगेच बोलू नका. बाळाची नजर चेहऱ्यावर येऊन थांबू द्या.
3. मग हळू, सूर लांबवून काहीतरी बोला. “काऽय गं? उठलीऽस?” एवढंही पुरतं.
4. आता थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा.
5. बाळ भुवया उचलेल, ओठ गोल करेल, पाय झाडेल किंवा हुंकार देईल. ते जे करेल तेच तुम्ही करा. त्याचा ‘आऽऊ’ तर तुमचाही ‘आऽऊ’. आणि पुन्हा थांबा.

चौथी पायरी सगळ्यांत अवघड, कारण मोठ्यांना शांतता सोसत नाही. बाळाला ऐकून, बघून, स्वतःचं तोंड हलवायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आपली पुढची तीन वाक्यं बोलून झालेली असतात.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970च्या दशकात केलेला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. आईने बाळाशी आधी नेहमीसारखं खेळायचं आणि मग थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. काही महिन्यांची बाळं आधी हसून, हुंकारून, हात पुढे करून आईला खेळात ओढायला बघत. तरी उत्तर आलं नाही की ती तोंड फिरवत, रडवेली होत. म्हणजे आपल्या हुंकाराला उत्तर येतं, ही अपेक्षा इतक्या लवकर तयार झालेली असते. यावरून कुणी धास्ती घेऊ नये. आई पुन्हा हसली-बोलली की बाळं खेळात परतत, आणि दिवसातून चार वेळा तुमचं लक्ष दुसरीकडे गेलं म्हणून काही बिघडत नाही.

जीभ बाहेर काढून दाखवायची आणि बाळ नक्कल करतं का बघायचं, हा खेळ अनेक ठिकाणी सुचवलेला असतो. नवजात बाळं अशी नक्कल करतात असं मेल्ट्झॉफ आणि मूर या संशोधकांनी 1977 मध्ये मांडलं होतं. नंतरच्या काही अभ्यासांत ते तसं दिसलं नाही आणि वाद अजून चालू आहे. खेळायला हरकत नाही, पण बाळाने जीभ काढली नाही म्हणून त्यातून काही अर्थ काढू नका.

सहाव्या-आठव्या आठवड्याच्या सुमाराला बाळ तुमच्याकडे बघून ओळखीचं हसू लागतं. त्यानंतर या टोलवाटोलवीत जी मजा येते ती वेगळी सांगायला नको. नजर स्थिर झाली की चेहरा हळूहळू एका बाजूला न्या आणि डोळे मागे येतात का बघा. नजर सुटली तर थांबा आणि तिथूनच पुन्हा सुरू करा.

## पालथं निजवणं: नावडता पण गरजेचा खेळ

बाळाला झोपवायचं ते नेहमी उताणं, दिवसा आणि रात्रीही. अचानक होणारे अर्भकमृत्यू टाळण्यासाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये पालथं झोपवू नका असा सल्ला दिला आणि पुढच्या काही वर्षांत तिथे असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पण जागेपणीही बाळ सतत उताणंच राहिलं तर मान, खांदे आणि पाठीला मेहनतच होत नाही, डोक्याचा मागचा भागही चपटा होऊ शकतो. म्हणून नियम साधा ठेवा: झोप उताणी, जागेपणी खेळ पालथा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार, अजून रांगत नसलेल्या बाळाने जागेपणी दिवसभरात मिळून किमान 30 मिनिटं पालथं असावं. आकडा ऐकून घाबरू नका. ही बेरीज आहे, आणि सुरुवात एकेका मिनिटाने होते.

पहिले काही आठवडे जमिनीची घाईच नको. तुम्ही उशीला तिरके रेलून बसा आणि बाळाला छातीवर पालथं ठेवा. तुमचा आवाज आला की ते डोकं उचलून बघायची धडपड करतं. तुम्ही जितके उभे बसाल तितकं बाळाला सोपं, जितके आडवे व्हाल तितकं कठीण. तुमचेच डोळे मिटायला लागले असतील तर मात्र हा खेळ तिथेच थांबवा. बाळाला छातीवर घेऊन डुलकी लागणं धोक्याचं असतं, सोफ्यावर तर फारच.

पुढची पायरी मांडीवरची. दोन्ही मांड्यांवर बाळाला आडवं पालथं घ्या, एक हात कंबरेवर ठेवा आणि पाठ हलके चोळा. ढेकर काढून झाल्यावर, दूध जरा खाली बसल्यावर हे छान जमतं.

मग जमीन. चटईवर चादर अंथरा. गादी किंवा सोफा नको, मऊ जागेत बाळाला रेटा मिळत नाही आणि तोंड रुतण्याचीही भीती असते. दूध पिऊन अर्धा-पाऊण तास होऊ द्या. बाळाची कोपरं खांद्यांच्या रेषेत किंवा किंचित पुढे आणा. फारच जड जात असेल तर पातळ टॉवेलची गुंडाळी छातीखाली द्या, हात तिच्या पुढून मोकळे राहतील अशी. आणि आता सर्वांत कामाची गोष्ट: तुम्हीही समोर पालथे पडा, चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या पातळीवर. वरून वाकून बोललात तर बाळाला मान फार उंच करावी लागते आणि ते थकून प्रयत्न सोडून देतं.

कुरकुर आणि रडणं यांत फरक करायला शिका. कुरकुर म्हणजे मेहनत चालू आहे. तेव्हा गाणं म्हणा, न फुटणारा आरसा समोर उभा करा, पाठीवर हात ठेवा. खरंखुरं रडणं सुरू झालं की बास. सोडवताना सरळ वर उचलू नका, कुशीवर वळवून मग उचला. असं दर वेळी केलं तर वळायचं कसं हेही बाळाच्या अंगाला कळत जातं. पालथं असताना झोप लागली तर हलकेच उताणं करा.

महिन्याचं बाळ क्षणभर डोकं उचलून बाजू बदलतं. तीन महिन्यांच्या सुमाराला ते हातांवर भार देऊन छाती उचलायला लागतं. पाच-सहा महिन्यांत तळहातांवर उठतं, पोटावर गोल फिरतं आणि आधी ज्याच्या नावाने रडत होतं त्याच स्थितीत राहायचा हट्ट धरतं.

## हात सापडतात तेव्हा

तीन महिन्यांच्या आसपास बाळ स्वतःचे हात डोळ्यांसमोर धरून एकटक बघत बसतं. मध्ये लुडबुड करू नका, हे डोळे आणि हात यांची गाठ पडणं आहे. हातमोजे घातले असतील तर काढा. मूठ सैल असताना तळव्यात वेगवेगळे स्पर्श द्या: मऊ फडकं, खरखरीत टॉवेल, तुमचं बोट. हलका खुळखुळा छातीच्या मध्यरेषेवर धरा, म्हणजे दोन्ही हात तिथे भेटतात. लगेच हातात कोंबू नका. चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ झेप घेतं, चुकतं, पुन्हा घेतं, आणि खेळ त्या चुकण्यातच असतो.

पायांनाही काम द्या. मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कॉलियर यांनी तीन महिन्यांच्या बाळांच्या घोट्याला फीत बांधून ती वर टांगलेल्या खेळण्याला जोडली होती. पाय झाडला की खेळणं हलतं हे बाळांनी काही मिनिटांत हेरलं आणि त्यांना ते आठवडाभर आठवत राहिलं. घरी फीत अजिबात बांधू नका, गळ्याला किंवा बोटाला गुंडाळली जाऊ शकते. त्याऐवजी दाबल्यावर आवाज करणारी उशी तळपायांपाशी हाताने धरा. लाथ, आवाज, लाथ, आवाज. आपल्यामुळे काहीतरी घडतं, हे उमगल्यावर बाळाचा चेहरा बघाच.

याच वयात वाट बघायला लावणारे खेळ रंगतात. दोन बोटं बाळाच्या पावलापासून हळूहळू चालवत पोटापर्यंत न्या, एकच ओळ त्याच सुरात म्हणत. पोटापाशी आल्यावर थांबा. एक... दोन... आणि गुदगुली. काही दिवसांनी बाळ गुदगुलीच्या आधी, त्या थांब्यातच हसायला लागेल. पुढे काय होणार हे त्याला कळलेलं असतं. गुदगुली मात्र छोटीच ठेवा, हसता हसता बाळ कासावीस होतं आणि त्याला ‘नको’ म्हणता येत नाही.

## बसायला लागल्यावर: एक टोपली, घरच्या वस्तू

सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ टेकू न घेता बसू लागलं की दोन्ही हात मोकळे होतात. ब्रिटनमधल्या बालशिक्षणतज्ज्ञ एलिनॉर गोल्डश्मिड यांनी रूढ केलेली टोपलीची कल्पना या वयासाठी मला फार आवडते. उथळ, न कलंडणारी टोपली घ्या आणि तिच्यात घरातल्या साध्या वस्तू ठेवा: लाकडी चमचा, छोटी स्टीलची वाटी, धुतलेला स्वच्छ ब्रश, लोकरीचा मोठा गोळा, चामड्याचं पाकीट, मोठं लाकडी कडं. सगळं प्लॅस्टिक नको, कारण ते एकसारखंच गुळगुळीत आणि हलकं लागतं. गार धातू, जड लाकूड, खरखरीत दोरखंडाचा गुंडा हे वेगवेगळं लागतं.

टोपली समोर ठेवा, बाजूला बसा आणि गप्प राहा. काय उचलायचं ते बाळ ठरवेल. ते वस्तू तोंडात घालेल, आपटेल, या हातातून त्या हातात घेईल. तोंडात घालणं हा या वयातला तपास आहे, प्रत्येक वेळी ‘छी’ म्हणून हिसकावू नका. त्याऐवजी वस्तू आधीच धुऊन, तपासून ठेवा. दोन-तीन दिवसांनी निम्म्या वस्तू बदला.

## लपवाछपवी

रुमालाने चेहरा झाकून ‘कुऽक’ करणं लहान बाळालाही आवडतं, पण खरा शोध सुरू होतो तो आठव्या महिन्याच्या आसपास. दिसेनाशी झालेली वस्तू शोधायला बाळं या सुमाराला लागतात असं स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी नोंदवलं. वस्तू दृष्टीआड झाली तरी ती असते, याची जाण त्याआधीच असावी असं पुढच्या संशोधकांनी दाखवलं, पण हात घालून शोधणं या वयातच दिसतं.

पायऱ्या अशा चढा. आधी आवडती वस्तू फडक्याखाली अर्धीच झाका. ती ओढून काढता आली की पूर्ण झाका, पण बाळाच्या डोळ्यांदेखत. मग दोन फडकी ठेवा. पहिल्याखाली दोन-तीनदा लपवून, त्याच्यासमोरच दुसऱ्याखाली लपवलीत तर आठ-नऊ महिन्यांचं बाळ बहुधा पहिल्याखालीच शोधेल. हसून दाखवून द्या, काही महिन्यांत ही गफलत आपोआप जाते. बाळाच्या तोंडावर फडकं टाकून खेळू नका, झाकायचा असेल तर तुमचा चेहरा झाका.

आई दुसऱ्या खोलीत गेली की रडारड होते तीही याच काळात. दाराआडून डोकावणं, आवाज देत देत जाणं आणि परत येणं हा तेव्हा खेळही होतो आणि समजूतही.

## रांगणं, चिमूट आणि बोट

रांगणाऱ्या बाळाला खेळणं नको, वाट हवी. जमिनीवर उशा, लोड, गुंडाळलेली गोधडी ठेवा आणि तुम्ही पलीकडे बसा. मोठ्या खोक्याचा बोगदा करा. उभं राहायला लागलं की खेळणी स्थिर, बुटक्या स्टुलावर मांडा, म्हणजे धरून धरून चालण्याचं कारण मिळतं. हात वर ओढून चालवण्यापेक्षा हे बरं, कारण तोल सांभाळायचं काम बाळाकडेच राहतं. अनवाणी पाय उत्तम.

वेळेबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा 2006 चा अभ्यास मनाला स्वस्थता देणारा आहे. निरोगी बाळांनी एकट्याने चालायला सुरुवात केली ती 8.2 ते 17.6 महिन्यांच्या दरम्यान, आणि सुमारे 4 टक्के बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. वॉकर मात्र घेऊ नका. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट जिन्यावरून पडण्याचे अपघात होतात. कॅनडाने 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली.

नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमते. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाची पानं उलटू द्या, डब्यात वस्तू टाकायला आणि ओतायला द्या. टाकणं-ओतणं वीस वेळा चालेल, तुम्हाला कंटाळा येईल, बाळाला येणार नाही. आणि बोट दाखवायला लागलं की त्या बोटाच्या मागे जा: “पंखा! हो, पंखा फिरतोय.” त्याचं लक्ष असलेल्या वस्तूचं नाव त्याला पटकन भिडतं. आपण ‘हा पंखा, हा दिवा, सांग बघू’ अशी परीक्षा घेतली की खेळ तिथेच मरतो.

इथे टीव्ही-मोबाइलच्या पडद्याचा विषय येतोच. बाळं भाषा कशी शिकतात याच्या संशोधक पॅट्रिशिया कुल यांच्या 2003 च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना काही बैठकांत चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष भेटली, तेव्हा त्यांनी त्या भाषेतले ध्वनी ओळखले. तोच मजकूर टीव्हीवर दाखवला तेव्हा काहीच उतरलं नाही. एक वर्षाखालच्या बाळाला पडदा नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. दूरच्या नातलगांशी व्हिडिओ कॉल ही वेगळी गोष्ट, तिथे पलीकडचं माणूस उत्तर देतं.

## खेळण्याआधी एकदा नजर फिरवा

टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाणारी कोणतीही वस्तू बाळाच्या घशात अडकू शकते. नळी हाताशी ठेवा आणि मोजून बघा. बटणासारख्या बॅटऱ्या आणि छोटी लोहचुंबकं घरभर शोधून उंचावर ठेवा, गिळल्यास तासाभराचाही उशीर करू नका, थेट रुग्णालय गाठा. फुगे, प्लॅस्टिक पिशव्या, लांब दोऱ्या नकोत. पाण्याचे खेळ असतील तर हाताच्या अंतरावर राहा, पाणी चार बोटं असलं तरी. बाळाला वर उडवून झेलू नका आणि कितीही वैताग आला तरी गदागदा हलवू नका. वैताग अनावर झाला तर बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जाणं केव्हाही चांगलं.

## डॉक्टरांना कधी विचारायचं

तीन महिने होऊनही बाळ माणसांकडे बघून हसत नाही, मोठ्या आवाजाने दचकत नाही, चार महिन्यांनी मान धरत नाही, नऊ महिन्यांनी टेकू न घेता बसत नाही किंवा ‘बाबाबा-दादादा’ अशी बडबड नाही, वर्षाचं झालं तरी नावाला प्रतिसाद नाही, तर पुढच्या लसीच्या तारखेची वाट बघू नका. अंग फार ताठ किंवा फार लुळं वाटणं, वर्ष व्हायच्या आत एकच हात वापरणं, आणि आधी येणारी गोष्ट बंद होणं, यांसाठीही लवकर दाखवा.

जाताना मोबाइलवर बाळाचे खेळतानाचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे दोन-तीन व्हिडिओ काढून न्या: एक पालथं असताना, एक वस्तू पकडताना, एक तुमच्याशी हुंकारताना. अनोळखी खोलीत, अनोळखी माणसासमोर बाळ यातलं बहुधा काहीच करून दाखवत नाही.